टायपिंगला मदत केली

सर स्टेजवर उभे होते. हातात चकचकीत खोका, आत सीडी, वरून ताणून बसवलेलं प्लास्टिक. खोक्यावर ‘पाटी’ हे नाव, त्याखाली पुण्यातल्या एका कंपनीचं, त्याखाली सरांचं. ताराराणी चौकाजवळच्या हॉटेलातला एसी हॉल भरला होता. पुढच्या रांगेत संस्थाचालक, संपादक, एक माजी आमदार. आम्ही अगदी मागं, कारण पुढच्या खुर्च्यांवर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या आणि त्यात आमची नावं नव्हती.

बोलता बोलता सर थांबले. मागं बघून म्हणाले, "आणि ही आमची मुलं. यांनी टायपिंगला वगैरे खूप मदत केली. उभे राहा रे."

आम्ही उभे राहिलो. तेच मला अजून सहन होत नाही. त्यांनी उभं राहा म्हटलं आणि मी उभी राहिले. टाळ्या झाल्या. लग्नात जेवणं उरकल्यावर आचाऱ्याला बाहेर बोलावून वाजवतात तसल्या टाळ्या. एका मुलीनं येऊन आमच्या हातात एकेक गुलाब ठेवला.

‘पाटी’ म्हणजे कॉम्प्युटरवर मराठी लिहायचा प्रोग्राम. त्यातली जोडाक्षरं जोडणारा सगळा भाग मी लिहिला होता. ओळ न् ओळ. त्याला टायपिंग म्हणत नाहीत.

कार्यक्रम संपल्यावर बाहेर टेबलावर खोकी मांडली होती. तिथल्या टायवाल्या माणसाला मी म्हटलं, एक मला द्या, मी यावर काम केलंय. त्यानं माझ्या ड्रेसकडं बघितलं, मग गुलाबाकडं. "मॅडम, स्टाफला कॉपी नाहीये. तुम्ही डेमोवर बघू शकता." मी डेमोच्या कॉम्प्युटरसमोर बसले. पडद्यावर चौकट आली, परवाना क्रमांक टाका. मी बांधलेल्या खोलीला कुलूप होतं आणि किल्ली माझ्याकडं नव्हती.

तेव्हा मी लक्ष्मीपुरीतल्या एका छापखान्यात डीटीपी करायची. लग्नपत्रिका, उत्तरकार्याची कार्डं, निवडणूक आली की उमेदवारांची पत्रकं. आबा शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत साच्याच्या कामावर. आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं ढीगभर. युनियनची, धम्म परिषदांची, शिष्यवृत्ती बंद केली म्हणून निघालेल्या मोर्चांची. आबा जेवताना ती मोठ्यानं वाचायचे. मला शाळेतल्या कविता पाठ नव्हत्या, पत्रकं होती. बहुतेकांच्या तळाशी एक ओळ असायची: वाचून झाल्यावर दुसऱ्याला द्या.

त्यामुळं सरांनी मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे काय ते पहिल्यांदा समजावलं, तेव्हा मला काही नवीन वाटलं नाही. प्रोग्राम घ्या, उघडून आत बघा, बिघडलं असेल ते दुरुस्त करा, पुढच्याला द्या. मागनं येणाऱ्याला अडवायचं नाही. हे तर पत्रकच झालं. आणि मला त्याची गरजही होती. छापखान्यात सगळी सॉफ्टवेअर चोरीची. त्यात ‘ऱ्हायलं’ लिहायला गेलं की अक्षर मोडायचं. मालक म्हणायचे, मग ‘राहिलं’ लिही. आमच्या तोंडातला शब्द मशीनला जमत नव्हता, आणि तोंड आम्हीच बदलायचं. मी ठरवलं, मशीन बदलायची.

सर कॉलेजात प्राध्यापक. राजारामपुरीत त्यांचा कॉम्प्युटर क्लासही होता. रविवारी क्लासला सुट्टी, तेव्हा आम्ही ‘पाटी’च्या कामाला तिथं जमायचो. पगार नाही, सर्टिफिकेट नाही, हौसेनं. विलास जयसिंगपूरहून एसटीनं यायचा. घरची शेती, म्हशी. धार काढून तसाच निघायचा. पोरं चिडवायची, ह्याच्या फ्लॉपीतनं दूध गळतंय. तो म्हणायचा, गळू दे की, तुमच्यातनं निस्ता धूर निघतोय. शब्दांची यादी त्यानं केली. शेतातले, गोठ्यातले, बाजारातले शब्द, जे कुठल्या कोशवाल्याच्या कानावर कधी गेले नसतील.

आमची कामाची एक पद्धत होती. तिनंच आम्हाला बुडवलं.

इंटरनेट फक्त सरांच्या केबिनमध्ये. एक फोनलाइन, ती पण रडतखडत चालणारी. आम्ही आठवडाभर मिळेल तिथं बसून कोड लिहायचो आणि रविवारी फ्लॉपी आणून सरांच्या टेबलावरच्या डब्यात टाकायचो. सर ते सगळं एकत्र करून इंटरनेटवरच्या मुख्य साठ्यात चढवायचे. कुठली ओळ कुणी घातली, याची नोंद त्या साठ्यात आपोआप राहते. चढवणारे सर, म्हणून प्रत्येक ओळ सरांच्या नावावर. जगातनं कुणीही बघितलं तर त्याला वाटावं, कोल्हापुरात एक अचाट माणूस आहे आणि तो झोपतच नाही.

विलासनं एकदा विचारलं होतं, आमची वेगळी खाती काढायची का म्हणून. सर हसले. म्हणाले, "अरे, हे आपलं घर आहे. घरात कुणी भाकरीवर नाव घालतं का?"

आम्हाला ते इतकं आवडलं की नवीन येणाऱ्या पोरांना आम्हीच ते ऐकवायचो. आता कुणी ‘आपलं घर’ म्हटलं की मी आधी विचारते, उतारा कुणाच्या नावावर आहे.

हॉटेलातनं निघून विलास आणि मी स्टँडवर चहाला गेलो. त्यानं गुलाब कपाशेजारी ठेवला आणि म्हणाला, "आता हे घरी कुणाला देऊ? म्हशीला?" मी हसले नाही. तोही हसला नाही.

‘पाटी’वर काम करणारी माणसं कोल्हापूरच्या बाहेरही होती. त्यांची एक ईमेल यादी होती, एकानं लिहिलेलं सगळ्यांना जायचं. तिच्यावर आठवडाभर रण माजलं. नागपूरच्या एकानं जाहीर केलं की आपण आता एक ओळही लिहिणार नाही. अमेरिकेतल्या एकानं लिहिलं की माणसाला पोट असतं, सरांनी इतकी वर्षं खस्ता खाल्ल्या, चार पैसे मिळाले तर बिघडलं कुठं. पोट. अमेरिकेतनं. आमच्या वस्तीला पोटाविषयी शिकवणारा माणूस नेहमी भरल्या ताटावरून उठलेला असतो.

विकायला माझी हरकत नव्हती. मुक्त सॉफ्टवेअर विकता येतं, आमच्या परवान्यातच तसं लिहिलं होतं. विका, पण उघडं ठेवा. पुढचा माणूस अडवू नका. केलेल्याची नावं पुसू नका. यांनी कुलूप घातलं आणि नावंही पुसली. मी सायबर कॅफेतनं यादीवर एवढंच लिहिलं की जोडाक्षरांचा भाग मी लिहिलाय, तो बंद करायची परवानगी मी दिलेली नाही.

सरांनी सगळ्यांना जाईल असं उत्तर दिलं. "ती मुलगी हुशार आहे. पण तिच्या पार्श्वभूमीमुळे तिला प्रत्येक गोष्टीत अन्याय दिसतो."

पार्श्वभूमी. किती स्वच्छ शब्द. इस्त्री केलेला. यादीवरच्या प्रत्येकाला त्याचा अर्थ कळला आणि एकानंही विचारलं नाही की सर, म्हणजे काय. इतके रविवार मी त्यांच्या क्लासात शेजारी बसून काम केलं, तेव्हा मी तिथं माणूस म्हणून बसत होते असं मला वाटत होतं. त्यांना सारखी पार्श्वभूमी दिसत होती.

मग छापखान्यात फोन आला, सरांनी बोलावलंय. केबिनमध्ये कंपनीचे साहेब होते. त्यांच्या लॅपटॉपवर माझा कोड उघडा होता. यादीवरचं माझं पत्र वाचून कंपनीच्या वकिलानं तो उघडायला लावला होता. कोडच्या मधे मधे, पुढच्या माणसाला कळावं म्हणून, आपण साध्या भाषेत सूचना लिहितो. मी माझ्या भाषेत लिहायची. "हितं हात लावू नका, ऱ्हायलं मोडतंय." "हे का चालतंय ठावं न्हाय, पण चालतंय, राहू दे." सर शिंकले तरी पुस्तकी मराठीत शिंकणारे. आमच्या फ्लॉप्या न वाचताच त्यांनी इतकी वर्षं आपल्या नावावर चढवल्या होत्या, म्हणून ह्या ओळी तशाच राहिल्या. त्या सरांच्या आहेत हे शेंबड्या पोरानंही मानलं नसतं.

साहेबांनी एक कागद पुढं सरकवला. मी सरांच्या मार्गदर्शनाखाली विद्यार्थी म्हणून सराव केला, या कामावर माझा कसलाही हक्क नाही. फॉर्मॅलिटी आहे, म्हणाले. सही केली की पुण्याच्या ऑफिसात नोकरी. पक्की. सर म्हणाले, घाई नको, सोमवारपर्यंत घरी विचार.

घरी आबा दिवाळीपासून बसून होते. फाउंड्रीला ऑर्डर नव्हत्या, जुन्या माणसांना आधी घरी पाठवलं होतं. धाकट्या भावाची फी राहिली होती. आबांनी तो कागद हातात घेतला आणि पत्रक वाचावं तसा मोठ्यानं वाचला, शेवटच्या ओळीपर्यंत. घडी घालून माझ्याकडं दिला. म्हणाले, "तुझं तू बघ." आणि उठून बाहेर गेले.

आई भाकरी थापत होती. "सही केलीस तर हात झडणार हाय व्हय तुझा? पत्रकं वाचून पोटं भरत असती तर आपण आत्तापातूर सावकार झालो असतो."

मला तिचा राग आला. ती खोटं बोलत नव्हती म्हणून जास्त आला. मी म्हटलं, आई, ह्यात लिहिलंय की मी काहीच केलं नाही. ती म्हणाली, "मग? मी जल्मभर दुसऱ्याच्यात धुणीभांडी केली, कुठं माझं नाव हाय?" आणि पुढची भाकरी तव्यावर टाकली.

तिला वाटत होतं ती मला सही करायला सांगतीय. त्याच वाक्यानं माझं ठरलं. तिचं नाव कुठंच नाही. आबांनी घडवलेल्या साच्यांवर नाही. आजीनं उपसलेल्या चिखलावर नाही. आमच्या घरातनं आजवर जेवढं काम बाहेर गेलं ते सगळं बिननावाचं गेलं, आणि त्याला लोक रीत म्हणतात. आता माझ्याकडनं ते लेखी मागत होते.

सोमवारी गेले. विलास केबिनच्या बाहेर उभा होता, मान खाली. त्याची सही झाली होती. एवढंच म्हणाला, "बारक्या बहिणीचं लगीन हाय." माझा राग त्याच्यावर नव्हता, आत बसलेल्यांवर होता.

कागद मी टेबलावर ठेवला, बिनसहीचा. सांगितलं, सही करणार नाही.

सरांचा आवाज तेव्हा पहिल्यांदा बदलला. "तुम्हा लोकांना इथवर आणलं कोणी? माझ्या खुर्चीत बसून शिकलीस. नाहीतर आयुष्यभर पत्रिका छापत बसली असतीस."

तुम्हा लोकांना. आत एवढं होतं तर.

मी म्हटलं, "सर, पत्रिका मी अजून छापतीयच. तिथं नवरदेवाचं नाव चुकलं तर माणसं छापखाना फोडायला येतात. तुम्ही तर माझं पुसलंय, आणि मी पेढे घेऊन यावं म्हणताय."

साहेब मधे पडले. नाही तर तेवढा भाग आम्ही दुसऱ्याकडून लिहून घेऊ, म्हणाले. मी म्हटलं, घ्या की. लिहिणाऱ्याला आधी विचारा, त्याला भाकरीवर नाव घालायला देणार का.

आणि निघाले.

त्यांनी लिहून घेतलं की माझंच वापरलं, मला आजवर कळलेलं नाही. कुलपाच्या आतलं दिसत नाही, त्यासाठीच कुलूप असतं. कोर्टात जायची ऐपत नव्हती. खोकी खपली. कळंब्याच्या एका शाळेत गेले होते, तिथं कपाटात दिसली. पुण्याची नोकरी गेली ती गेलीच. आई कितीतरी दिवस माझ्याशी नीट बोलत नव्हती. आबांना नंतर एका गोडाऊनवर वॉचमनचं काम मिळालं.

पण एक गोष्ट त्यांना करता येत नाही. एकदा मोकळं म्हणून दिलेलं परत घेता येत नाही, परवाना तसाच आहे. आधीची उघडी ‘पाटी’ अजून मोकळी आहे. मी ती घेतली. सायबर कॅफेत बसून माझ्या नावाचं खातं काढलं. आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर बसवला. जुन्या गटातले सही न केलेले काही जण तिथं येतात. तिथं पहिला नियम असा की ज्यानं ओळ लिहिली त्यानंच ती चढवायची, स्वतःच्या खात्यानं, स्वतःच्या हातानं. एक जण परवा म्हणाला, पहिलं नाव पुरे, आडनाव नको, आडनावावरनं लोक ओळखतात, मग आपला कोड घेत नाहीत.

मी त्याला म्हटलं, ओळखू देत. ज्याला आडनाव बघून कोड नको वाटतो त्यानं मोडकी अक्षरं वापरावीत.

सरांकडनं आता निरोप येतात. मिटवून घेऊ, पुढच्या खोक्यावर आभारात तुझं नाव घालतो. आभार मला नकोत. मिटवायचंही नाही. कुलूप काढा, प्रत्येक ओळीवर तिच्या धन्याचं नाव घाला, मग समोर येऊन बोला. तोवर मी लिहिते ती प्रत्येक ओळ उघडी राहील आणि तिच्यावर माझं नाव राहील, आडनावासकट. पुसलं तर परत घालीन. परत पुसलं, तरी परत घालीन.