अर्ध्या मिलिमीटरची फट

मी चौथीपर्यंत शिकलो, तेही तमिळमध्ये. ही बाळबोध अक्षरं बायकोनं लग्नानंतर शिकवली, कारण नवऱ्याला निदान पंचांगावरची तिथी वाचता यावी असं तिला वाटायचं. तंजावुरात आमच्या लोकांत मराठी बोलणारे अजून आहेत, वाचणारे बोटांवर मोजावेत इतके. माझ्या मुलीलाही वाचता येत नाही. म्हणूनच मोकळेपणानं लिहितो.

अडतीस वर्षं मी रेल्वेच्या गँगमध्ये होतो, त्यातली बरीच कीमन म्हणून. कीमनचं काम म्हणजे रोज सकाळी हातोडा आणि पाना घेऊन नेमून दिलेला रूळ पायी तपासायचा. ढिलं असेल ते ठोकायचं, तुटलं असेल ते बदलायचं, आणि आपल्या हातात नसेल ते साहेबाला कळवून विसरायचं. तेव्हा लाइन मीटर गेज होती. पापनाशमच्या अलीकडे एका लहान स्टेशनाजवळ आमचं क्वार्टर, आणि दारासमोर वीस पावलांवर सांधा. भाताची पोती भरायची बाजूची लाइन तिथून फुटायची. गाडी सांध्यावरून गेली की खटाक-खटाक, खटाक-खटाक. बायको त्या आवाजावर स्वयंपाक करायची. सकाळच्या पॅसेंजरला तांदूळ वैरायची, मालगाडीला पेज काढायची. घरात घड्याळ होतं, पण त्याला किल्ली मी द्यायचो, म्हणून त्यावर तिचा विश्वास नव्हता.

मग ब्रॉड गेज आलं. आमचा रूळ उखडून भंगारात गेला, आणि पाठोपाठ मीही रिटायर झालो. मला मात्र कोणी वजन करून नेलं नाही. आम्ही तंजावुरात दोन खोल्यांच्या घरात आलो. समोर बसायला तिण्णई, म्हणजे ओटा आहे, मागे नळ आहे, गाडीचा आवाज नाही.

काही वर्षांनी तिला दम लागायला लागला. डॉक्टरनं हृदय सुजलंय सांगितलं, हिंडू-फिरू नका म्हणाला. ती घरात बसून राहिली आणि एक दिवस म्हणाली, "ह्या घरात भात कधी होतो तेच कळत नाही. तो खटका होता ते बरं होतं. एवढं आयुष्य रुळावर काढलंत, मला एक खटका करून द्या."

मी मागे जाऊन पहारीवर हातोडा मारला.

"हा हातोडा आहे," ती आतून म्हणाली. "मला गाडी पाहिजे."

मुलगी चेन्नईला असते, ती सुट्टीला आली होती. तिनं फोनवर दाखवलं. इंग्लंडमधले म्हातारे, चांगले शिकलेले, आपापल्या शेडमध्ये बसून भिंगातून बोटभर रूळ ठोकत होते. स्लीपर, खिळे, सांधे, अस्सल मापाचे, फक्त लहान केलेले. मी पहिल्यांदा हसलो. मग पाहिलं की एकानं रुळाचा जोड बरोबर दोन स्लीपरांच्या मधे घेतला आहे. हसायचं थांबलो.

त्या लोकांची एक मंडळी आहे. सभासद झालं तरच सामान मिळतं. फॉर्म बायकोनं भरला, ती दहावी झालेली होती आणि तिचं इंग्रजी चालण्यासारखं होतं. ह्या कामाचा अनुभव किती, असं त्यात विचारलं होतं. तिनं लिहिलं, अडतीस वर्षं, पूर्ण मापात. तेव्हापासून तिकडून येणाऱ्या प्रत्येक पत्रावर माझ्या नावाआधी इंजिनिअर असतं. जन्मभर ज्यांना सलाम ठोकला त्यांचा हुद्दा मला पोस्टानं मिळाला.

आता सामान. मला वाटलं होतं, एक दुकान असेल, यादी द्यावी, माल घ्यावा. तसं नाही. एक म्हातारा फक्त रूळ विकतो. दुसरा फक्त फिशप्लेट, रूळ जोडायच्या पट्ट्या, तांदळाच्या कणीएवढ्या. तिसऱ्याकडे दोन रुळांतलं अंतर धरायचं गेज मिळतं, पण त्यानं कळवलं की बागेतल्या शेंगा काढून होईपर्यंत तो ऑर्डर घेणार नाही. म्हणजे त्याच्या शेंगा निघेपर्यंत सगळ्या जगात बारा मिलिमीटरचा रूळ ठोकणं बंद. आमचा मीटर लहान होऊन बारा मिलिमीटरचा झाला होता. आमच्या डेल्टातला कुंभारही कापणी असली की चाकाला हात लावत नाही, पण त्याला शिव्या देता येतात. इंग्लंडला शिव्या द्यायच्या तर बायको लिहून देत नव्हती.

"काय लिहू?" ती विचारायची.

"लिही, शेंगा बायकोला काढायला सांग."

ती बराच वेळ लिहायची आणि मला वाचून दाखवायची की शेंगा चांगल्या याव्यात ही प्रार्थना.

प्रत्येक पत्राच्या चारी कोपऱ्यांना ती हळद लावायची. शुभ पत्राला आमच्याकडे लावतातच. सांध्याचा मधला तुकडा ओतणारा जो म्हातारा होता, त्याला हे कुठून माहीत असणार. त्याच्या पहिल्या पार्सलात तुकडा नव्हताच. एक पुडी निघाली, पिवळ्या बारीक खडीची. सोबत चिठ्ठी, की कागदावर लावून पाठवलेल्या रंगाच्या नमुन्याशी खडी जुळवली आहे, तीन वेळा मिसळावी लागली, तुमच्याकडची खडी फार उठावदार दिसते.

"हे देवघरात ठेवू का रुळावर टाकू?" मी विचारलं.

"बिचाऱ्यानं तीनदा मिसळलं," ती म्हणाली. "टाका."

टाकली. आमचा रूळ म्हणूनच लग्नघरातल्यासारखा दिसतो.

स्लीपर इथेच मिळाले. शेजारच्या गल्लीत एक आसारी, म्हणजे सुतार, वीणा करतो. फणसाच्या लाकडाच्या चिपा त्याच्याकडे जमिनीवर पडलेल्या असतात. मी जाऊन त्याला माप सांगितलं. वडीलधाऱ्याला इथे अय्या म्हणतात, तसा तो मला म्हणतो.

"एवढ्या?" त्यानं करंगळीचं नख दाखवलं. "काय करणार, अय्या? दात कोरणार?"

"गाडी जाणार त्यावरून."

"मुंग्यांची?"

तरी त्यानं दीडशे कापून दिले, आणि खाली घालायला वीणेच्या तोंडावरची एक फळी. तिला कडेला चीर गेली होती म्हणून ती वीणेला चालली नव्हती. "आवाज हिचा चांगला," तो म्हणाला, "रूप वाईट. तुमच्या मुंग्यांना चालेल." त्याच्याच पकडीनं तारा वाकवून मी खिळे केले. एक डबा जोडला, आत मासे धरणाऱ्यांची शिशाची वजनं भरली, वजन असल्याशिवाय चाक बोलत नाही.

राहिला सांध्याचा तुकडा. दोन रूळ एकमेकांना ओलांडतात तिथे लोखंडाचं एक टोक येतं, त्याला आम्ही नाक म्हणायचो. नाकाच्या दोन्ही बाजूंना चाकाची कड जायला फट असते. खऱ्या रुळावर ती चव्वेचाळीस मिलिमीटर. आमच्या मापात अर्ध्या मिलिमीटरच्या जरा वर. मोपेडच्या मेकॅनिककडून मी फीलर गेज आणलं, फट मोजायला बारीक पात्यांचा जुडगा असतो तो. तुकडा आला, तो मार्गशीर्ष होता. मी पातं घातलं. मिलिमीटरच्या आठ दशांशाचं पातं सरळ आत गेलं.

"चुकीचं आहे," मी म्हटलं. "परत जाईल."

ती भिंतीला उशी लावून बसली होती. "लावून तर बघा."

"फट मोठी आहे. चाक आत उतरतं, नाक आपटून झिजतं. एक दिवस गाडी पडते. माणसं मरतात."

"कुठली माणसं? डब्यात शिसं आहे."

"माप म्हणजे माप."

"होंव," ती म्हणाली. "अस्कं मोजून ठेवा, एकूण एक. मी आहे इथे बसलेली."

मी पोस्टात गेलो. काडेपेटीएवढं पार्सल. आत काय आहे, असं कारकुनानं विचारलं.

"रेल्वेचा सांधा."

त्यानं पार्सल उचलून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "सरकारी मालमत्ता आहे का?"

नाही म्हटलं. त्यानं फॉर्मवर खेळणं असं लिहिलं, आणि मी त्याच्याशी भांडलो. तेवढा वेळ मला होता.

वैशाखात दुसरा तुकडा आला. सात दशांशाचं पातं गेलं. तेव्हा ती बसू शकत नव्हती, पडून असायची. मी फीलर गेज उघडलं तेव्हाच तिला कळलं. परतीचं पत्रही तिनंच लिहिलं, पडल्या पडल्या, ओळी तिरप्या आल्या. हळद लावायला वाटी मागितली. मला त्या वेळी पत्र उद्याच्या टपालात जाईल की नाही याची काळजी होती.

आषाढात ती गेली.

लोक भेटायला आले. त्यांना तिण्णईवरची फळी दिसली, पिवळी खडी, रूळ, आणि मधे दोन बोटं रिकामी जागा. एका नातेवाइकानं विचारलं, हे काय. मी म्हटलं, काम चालू आहे. आमच्या खात्यात हा बोर्ड कायमचा असायचा.

तेराव्यानंतर मुलीनं तुकडा ओतणाऱ्या म्हाताऱ्याला ईमेल केला. मी सांगितलं होतं की नुसतं तुकड्याचं विचार. तिनं आईचंही लिहिलं. बरेच दिवस उत्तर नाही. मग आलं. तो लिहितो की त्याचीही बायको गेल्याला पाच वर्षं झाली, हात कापतो, ओतकाम बंद करतो आहे, पण माझा तुकडा केल्याशिवाय भट्टी मोडणार नाही. मुलीनं हे मला फोनवर वाचून दाखवलं आणि रडली. मी विचारलं, फट किती ठेवणार ते लिहिलंय का.

म्हणजे मी दगड आहे असं तिला वाटलं असेल. मला वर्षश्राद्धाच्या आधी तो सांधा पुरा करायचा होता, एवढंच माझ्या डोक्यात होतं. बायकोला दिलेल्या शब्दाला जिवंतपणी मुदत ठेवली नाही, म्हटलं निदान आता ठेवू. भटजी पिंड ठेवतील, मी खटका ठेवीन.

पार्सल ज्येष्ठाच्या शेवटी आलं. त्यात तीन पुड्या होत्या. एकीत नवा तुकडा. बाकी दोन्हीत माझेच परत केलेले. चिठ्ठी होती की आजवर सामान परत पाठवणारे तुम्ही एकटेच, शेड रिकामी करतोय, ठेवून घ्या.

नवा तुकडा मी पात्यानं पाहिला. साडेपाच दशांशाचं पातं नुसतं टेकलं आणि घासून गेलं, जसं जायला पाहिजे तसं. हाताचं कापणं त्याच्या कामात कुठे दिसत नव्हतं. चार खिळ्यांवर बसवला, खऱ्या रुळावर असतो तसा, उद्या बदलता येईल असा. आसारीला बोलावलं. कोणीतरी बघायला हवं होतं.

डबा ठेवला आणि ढकलला.

तो गेला. नाकावरून गेला, पलीकडे गेला, थांबला. आवाज नाही. पुन्हा ढकलला. तेल लावलेल्या कपाटाचा खण सरकावा तसा गेला. आसारीनं कान फळीला लावला होता, तो तसाच ठेवून म्हणाला, "कधी जाणार गाडी?"

"गेली."

तो उठून बसला. मग म्हणाला, "तुमचा तो क्वार्टरसमोरचा सांधा, अय्या. तो नवा होता का?"

"नाही. नाक झिजलेलं होतं. फट वाढली होती. मी तीनदा कळवलं होतं, साहेबांनी बदललं नाही."

हे मी बोललो, आणि बोलल्यावर माझं मलाच ऐकू आलं. आसारीनं माझ्याकडे पाहिलं नाही. त्यानं बाकीच्या दोन पुड्या उचलल्या, उलट्यासुलट्या केल्या आणि माझ्यासमोर ठेवल्या.

मी खिळे काढले. मार्गशीर्षातला तुकडा बसवला, आठ दशांशवाला. एक खिळा वाकला, दुसरा घेतला. डबा ढकलला.

टक-टक. मग मागची चाकं, टक-टक.

वीणेची फळी होती, तिनं तो आवाज मोठा करून बाहेर काढला. आसारी म्हणाला, "हाच ना परत पाठवला होतात?"

"होंव."

"कधी?"

मी महिना सांगितला. त्याला तो महिना माहीत होता, त्या दिवसांत तो तिच्यासाठी आपल्या दारातल्या शेवग्याच्या शेंगा आणून द्यायचा. त्यानं अंगावरचा भुसा झटकला आणि कामावर निघून गेला.

मी नवा, बरोबर मापाचा तुकडा पुडीत बांधून ठेवला आहे. इंग्लंडला काहीच कळवलं नाही. काय कळवणार? त्या माणसानं पहिल्याच वेळी मला हवं ते पाठवलं होतं, आणि मी कीमन होतो.

वर्षश्राद्धाला मुलगी आली. भटजींचं आटोपलं, ते हात धुवायला मागे गेले, मुलगी आत पानं मांडत होती. मी तिण्णईवर आलो आणि डबा ढकलला.

"अप्पा, काय पडलं?" ती आतून म्हणाली.

"काही पडलं नाही," मी म्हटलं. "भात वाढायला घे."