कौल लावलेल्या दिवशीची परीक्षा

मुलांनो, तुमच्या शाळेचे फोटो पाहिले. एवढ्या खिडक्यांची शाळा मी मोठी होईपर्यंत पाहिली नव्हती. माझी पहिली शाळा पुण्याजवळ रिह्याच्या खोऱ्यात, देवीच्या देवळाच्या मंडपात भरायची. माझे वडील तिथले एकटे मास्तर. आई मी लहान असतानाच गेली. मला वाढवले वडिलांच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे आत्याने. वडिलांनाही तिनेच वाढवले होते, त्यामुळे घरात शेवटचा शब्द तिचा असे.

चौथीची परीक्षा घ्यायला शाळाखात्याचे डेप्युटी साहेब पुण्याहून येत. मी पास झाले की वडील मला पुण्याच्या मुलींच्या इंग्रजी शाळेत घालणार होते. तिथे वसतिगृह होते. आत्या मात्र नाही म्हणत होती. तिची एकुलती मुलगी पुण्याला नातेवाइकांकडे शिकायला ठेवली होती, ती तिथेच तापाने गेली. तिला पुण्याला नेऊन सोडायला वडीलच गेले होते.

"एक पोर त्या शहराला दिली. दुसरी द्यायची नाही," आत्या म्हणायची, आणि वडील ताटावरून मान वर करत नसत.

शेवटी तिनेच तोड काढली. देवीला कौल लावून विचारायचे. सोयरीक जुळेल का इथपासून हरवलेली म्हैस सापडेल का इथपर्यंत आमच्याकडे सगळे देवीलाच विचारत. गुरव पाण्यात भिजवलेल्या दोन कळ्या देवीच्या दोन खांद्यांना चिकटवी. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कौल लागेपर्यंत देवळात मोठ्याने बोलायचे नाही, आणि एक प्रश्न वर्षातून एकदाच विचारायचा. वडिलांनी मान्य केले. दुसरा मार्गही नव्हता.

कौल असला की शाळा बाहेर आंब्याखाली बसे. त्या सकाळीही आम्ही तिथेच बसलो. गुरवाने कळ्या लावल्या, आत्या गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी बसली, आणि तेवढ्यात घोड्यावरून डेप्युटी साहेब आले. ते पुढच्या आठवड्यात यायचे होते.

"मास्तर, शाळा बाहेर का?"

"आत कौल लावलाय, साहेब. इथं सावली आहे."

"ही सावली? घोड्यावर भाजून निघालोय मी. मंडपात घ्या सगळ्यांना."

वडिलांनी गुरवाला हळूच विचारले, "आता कसं करायचं?"

"मला काय इचारता, मास्तर? तुमचा सायेब तुमी सांबाळा, माजी देवी मी सांबाळतो. पर पोरं वरडली तर कौल बाद हुतो, आधीच सांगून ठिवतो."

आम्ही आत बसलो. मुलांनी पाढे म्हटले, पण ओठातल्या ओठात. साहेबांनी टेबलावर छडी आपटली तशी आत्या दचकून मागे वळली.

"मास्तर, हे पाढे म्हणतायत की जप करतायत?"

कोणी हसले नाही. मग माझे नाव पुकारले गेले.

साहेबांनी पुस्तक उघडून धडा दाखवला. मी उभी राहिले तिथून गाभाऱ्यातली समई दिसत होती, आणि देवीचा उजवा खांदाही. त्यावरची कळी कलली होती. देठाचे टोक तेवढे चिकटून राहिले होते. थोडा वेळ देवळात शांतता राहिली असती, तर ती आपसूक पडली असती. मी कुजबुजल्यासारखी वाचू लागले.

"मोठ्याने. ऐकू आलं नाही तर मी नापास लिहीन."

मी वडिलांकडे पाहिले. त्यांनी एकदा गाभाऱ्याकडे पाहिले, एकदा साहेबांच्या हातातल्या लेखणीकडे.

"वाच," ते म्हणाले. "नीट, मोठ्यानं."

मी वाचले. धडा समुद्रातल्या दीपगृहाचा होता. माझा आवाज घुमटात आदळून माझ्याच कानांवर परत येत होता. शेवटच्या परिच्छेदात होते तेव्हा गुरव पुढे वाकलेला दिसला. उजवी कळी अजून तशीच होती.

"पुरे. पास," साहेब म्हणाले.

डावी कळी पडली होती.

साहेब पाणी पिऊन, वडिलांना आवाजाबद्दल दोन शब्द सुनावून निघून गेले. मुले घरी पळाली. वडील खांबाला टेकून उभे राहिले. कौल बाद झाला असे ते म्हणू शकले असते. पण आत्यापुढे त्यांचे तोंड उघडत नव्हते. मी पाटी छातीशी धरून उभी होते.

आत्याच बोलली. "ती वाचत होती तेव्हाच पडली ना?"

गुरव घुटमळला. "व्हय. पर आक्का, तुमच्याच मनासारखं झालंय की. कशाला उकरून काडता?"

"माझ्या मनासारखं हवं असतं तर मी देवीकडं आले नसते. तिला विचारलं होतं. हे तिचं उत्तर नाही."

"मंग बाद. पर आता वरीसभर परत इचारता यायचं न्हाई. उत्तर कोन देनार?"

आत्या उंबऱ्याजवळून उठली. मग वडिलांना म्हणाली, "वसतिगृहात पाणी उकळून देतात का?"

"विचारून कळवतो, अक्का."

"विचारू नकोस. स्वतः जा. विहीर बघ, मोरी बघ, आजारी पोरींना कुठं निजवतात ते बघ. आणि मला येऊन खोटं सांगू नकोस."

दुसऱ्या दिवशी वडील पुण्याला चालत गेले. परत आले तेव्हा आत्याने त्यांना पाय धुवायलाही सवड दिली नाही. विहिरीवर झाकण आहे का, पाणी कोण उकळते, तिने सगळे उलटसुलट विचारले. त्यांनी एक गोष्ट लपवली नाही: आजाऱ्यांची खोली अंधारी होती. ते ऐकून ती उठून परसात गेली. मला वाटले, संपले. परत आली ती हातात माझी दोन लुगडी घेऊन, आणि त्यांच्या नीट घड्या घालायला बसली.

निघताना तिने तांब्याच्या कळशीत आमच्या विहिरीचे पाणी भरून, तोंडाला फडके बांधून दिले. "हे संपेपर्यंत तिथलं पिऊ नकोस."

मी ते जपून प्यायले, तरी संपलेच. मग तिथले प्यायले. त्यानंतर घरी धाडलेल्या माझ्या प्रत्येक पत्राची पहिली ओळ एकच असे: मला ताप नाही. आत्याला वाचता येत नव्हते. वडील तेवढी ओळ मोठ्याने वाचत आणि थांबत. तिने पुढे वाच म्हटले की मग बाकीचे.