दोन मिनिटं बाहेर

खिशातून पिवळं कार्ड काढायचं, टीव्हीतल्या निवेदिकेच्या नाकासमोर धरायचं, "दोन मिनिटं बाहेर!" असं खणखणीत सांगायचं आणि रिमोटने तिचा आवाज बंद करायचा. दोन मिनिटं ती बिचारी नुसते ओठ हलवत राहायची आणि धामणकर नाक्यावर माझ्या दुकानासमोर जमलेली गर्दी टाळ्या वाजवायची.

तुम्ही त्या बाजूने कधी गेला असाल तर ती गर्दी पाहिली असेल. वर्षातून एकदाच, कबड्डी लीगसाठी खेळाडूंचा लिलाव टीव्हीवर असतो तेव्हा. तुम्हाला वाटलं असेल, दुकानात काहीतरी स्वस्त लागलंय. कसलं स्वस्त! त्या दिवशी माझ्याकडे साधी वायरसुद्धा खपायची नाही. गिऱ्हाइकाला दारातून आत शिरायला जागा नसायची. सगळे त्या एका माणसाला बघायला आलेले.

मी फुटपाथवर रेडिओ दुरुस्त करत सुरुवात केलेला माणूस आहे. टीव्हीचं दुकान माझं मी उभं केलं. भाव करण्यात मला हरवणारा नाक्यावर अजून सापडायचाय, आणि माझा आवाज चढला की समोरचा रिक्षास्टँड गप्प होतो, असं रिक्षावालेच सांगतात. अशा माझ्या दुकानात हे गृहस्थ पहिल्यांदा आले ते पांढरी पँट, पांढरा शर्ट आणि गळ्यात शिट्टी अशा थाटात. भिंतीवरच्या तीन मोठ्या टीव्हींकडे त्यांनी नीट पाहिलं.

"शेठ, हे तिन्ही एकदम चालू व्हतील का?"

"होतील की! कुठला घ्यायचाय?"

"घ्यायचा न्हाय. निकाल द्यायचाय."

ते पूर्णा गावचे. जमीन गोदामांखाली गेली होती, भाडं घरबसल्या यायचं आणि सगळा रिकामा वेळ गावोगावच्या कबड्डीत पंच म्हणून उभं राहण्यात जायचा. त्यांना सगळे पंचच म्हणत. मीही तेच म्हणतो. त्यांचं म्हणणं असं की लिलाव घरी बघण्यात अर्थ नाही. "घरी एकच टीव्ही. एक चॅनल बगायचं म्हंजे एकाच बाजूचं ऐकायचं. पंचाला ते चालत न्हाय."

मग मी का ऐकलं? माझा हिशेब सरळ होता. आज बघेल, उद्या घेईल.

मधल्या टीव्हीवर खेळाचं मुख्य चॅनल, लिलाव थेट दाखवणारं. काचेचं टेबल, सुटातले तीन जाणकार, आकड्यांच्या पाट्या. डावीकडे हिंदी बातम्यांचं चॅनल, तिथे पडद्याचे सहा चौकोन आणि सहाही चौकोनांत भांडण. उजवीकडे मराठी बातम्यांचं, त्यांची गाडी कुठल्यातरी खेळाडूच्या अंगणात उभी असायची आणि वार्ताहर त्याच्या आईच्या तोंडापुढे माईक धरून विचारायचा, "कसं वाटतंय?"

या तिघांचा सामना पंच लावायचे. हिंदी निवेदक एका दमात ओरडत सुटला की पंच मान डोलवायचे, "दम बगा त्याचा, दम!" मध्येच त्याने श्वास घेतला की शिट्टी वाजायची, "दम तुटला! बाद!" जाणकाराने खेळाडूच्या जुन्या दुखापतीचं काही नवीन सांगितलं तर मुख्य चॅनलला बोनस गुण. पण एखादा स्वस्तातला पोरगा लिलावाला आला की ते चॅनल हमखास जाहिरातीला जायचं, त्याबद्दल हिरवं कार्ड, म्हणजे ताकीद. हिंदीवाल्याला पिवळं ठरलेलं. आणि मराठीवाल्याला "कसं वाटतंय?"बद्दल दर वेळी पिवळं. बाहेर उभे असलेले कापडाच्या लूमवरचे कारीगर ड्युटी संपवून आलेले असायचे. ते ओरडायचे, "चाचा, उसको लाल दिखाओ, लाल!" पंच मागे न बघता म्हणायचे, "पब्लिकनं पंचाला शिकवायचं न्हाय."

त्यांचे सगळे निकाल बरोबर असत असं नाही. एकदा हिंदी चॅनलवर भांडणाऱ्या दोघांपैकी चुकीच्या माणसाला बाद ठरवलं आणि अर्धा तास कोणाचंही ऐकलं नाही. मी मध्ये बोललो तर हिरवं कार्ड मलाच.

माझ्या गल्ल्यापाशी एक छोटा टीव्ही आहे, केबलवरचा, त्यावरही ते मुख्य चॅनलच. मोठे तिन्ही डिशवर. डिशचं चित्र काही क्षण मागून येतं. त्यामुळे लिलावात हातोडा पडला की तो मला आधी दिसायचा आणि इतरांना नंतर. पंचांनी पहिल्याच वर्षी हे ओळखलं. "शेठ, तुमी तोंड फिरवून बसा. निकाल आधी तुमच्या तोंडावर येतो, मंग टीव्हीवर."

आता माझी तक्रार ऐका. मी पहिल्या दिवशी चहा मागवला. पंचांनी कप परत केला. "पंचानं मंडळाचा चहा प्यायचा न्हाय."

"अहो, मी कसलं मंडळ?"

"ज्याचं मैदान ते मंडळ."

मग ते समोरच्या टपरीवरून स्वतःच्या पैशाने चहा मागवायचे आणि माझ्या दुकानात उभे राहून तो प्यायचे. नाक्यावर माझ्या चहाला नाही म्हणणारा दुसरा माणूस नव्हता. पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्या वर्षी तेच. आणि मग एकदा, येता येता सहज बोलल्यासारखं, त्यांनी सांगितलं की घरी मोठा टीव्ही घेतला. कल्याणच्या मॉलमधून.

माझं डोकंच फिरलं. "इतकी वर्षं माझी लाईट जाळलीत, माझे रिमोट झिजवलेत, आणि टीव्ही मॉलमधून? किती कमी केले त्याने?"

"काय कमी न्हाय केले. लिहिला होता तोच भाव दिला."

हे तर त्याहून वाईट! भाव न करता टीव्ही घेणारा माणूस माझ्यासमोर उभा होता आणि तो माझं गिऱ्हाईक नव्हता. मी त्यांना बाहेर व्हा म्हणालो. पंच शांतपणे म्हणाले, "तुमच्याकडून घेतला असता तर तुमच्या मैदानात मना शिट्टी वाजवता आली असती का? शेठ, तुमचा राग बरोबर हाय. पण पिवळं." आणि कार्ड दाखवलं. बाहेर शिट्ट्या वाजल्या. मी दोन मिनिटं खरंच गप्प बसलो. का, ते मला आजही सांगता येत नाही.

या माणसाला घरात काय किंमत मोजावी लागत असेल, ते एका गोष्टीवरून कळेल. त्यांचा पुतण्या चढाई करणारा खेळाडू. गावच्याच सामन्यात, शेवटच्या चढाईत, याच काकांनी त्याला रेषेबाहेर पाय गेला म्हणून बाद दिला. "मग घरी?" मी विचारलं होतं. "घरी आठ दिवस माझ्या ताटात कालवण न्हाय," पंच म्हणाले. "पण पाय गेला व्हता."

तोच पुतण्या मागे एका लिलावाच्या यादीत होता. आधीच्या वर्षी गुडघा दुखावल्यामुळे त्याला कुणी विचारलं नव्हतं. ही शेवटची संधी. बापाने सांगून टाकलं होतं, यंदा कुणी घेतलं नाही तर खेळ बंद आणि सोमवारपासून गोदामात सुपरवायझरची ड्युटी.

त्या दिवशी पंच आले ते रंगीत शर्ट घालून. मला आधी ओळखूच आले नाहीत. त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून गल्ल्यावर ठेवली, शेजारी तिन्ही कार्डं ठेवली आणि स्टूल ओढून बसले.

"आज मी पंच न्हाय. घरचा पोऱ्या हाय यादीत. आज तुमी."

"मी? मला कुठे येतंय!"

"राग येतो ना? तेवढं पुरं. आणि शेठ... चहा सांगा."

मी चहा सांगितला. स्वतः जाऊन, दोन वेळा आलं घालायला सांगून. पंचांनी तो दोन्ही हातांत धरला, आणि त्या कपात किती वादळ आहे ते तेव्हा माझ्या लक्षात आलं.

पुतण्याचं नाव दुपारनंतर पुकारलं गेलं. मुख्य चॅनलने त्याचा फोटो दाखवला. माझ्या छोट्या टीव्हीवर लिलाव करणाऱ्याने तीनदा विचारलं, कुणी हात वर केला नाही, हातोडा पडला. मोठ्या टीव्हीवर तो अजून विचारतच होता. मी मागच्या भिंतीकडे तोंड फिरवलं. पण पंच टीव्हीकडे बघतच नव्हते. ते माझ्याकडे बघत होते.

"न्हाय घेतला ना," ते म्हणाले. मग मोठ्या टीव्हीवर हातोडा पडला.

कारीगरांपैकी एकाने आतला पंखा त्यांच्याकडे वळवला. "चाचा, आखिरी राउंड बाकी है." राहिलेल्या खेळाडूंची नावं शेवटी पुन्हा घेतात. पंचांनी मान हलवली आणि चहा पीत राहिले. कप रिकामा झाला होता, तरी पीत राहिले.

शेवटची फेरी सुरू झाली आणि मुख्य चॅनल जाहिरातीला गेलं. मी हिरवं कार्ड उगारलं, पण तेवढ्याने भागेना, लालच दाखवलं आणि तो टीव्ही बंद केला. लोकांनी ओरडून परत लावायला लावला. जाहिरात चालूच होती. तेवढ्यात उजवीकडे एक अंगण दिसलं, खाली पट्टीवर पूर्ण्याचं नाव. मराठी चॅनलची गाडी पूर्ण्याला, पंचांच्याच दारात! पुतण्या पायरीवर खाली मान घालून बसलेला आणि वार्ताहराने त्याच्या आईपुढे माईक धरला, "कसं वाटतंय?"

मी पेटलो. "दोन मिनिटं बाहेर!" पिवळं कार्ड, आवाज बंद.

आणि त्याच क्षणी त्या मुक्या चित्रात कुणीतरी घरातून फोन घेऊन धावत आलं. पुतण्या उठला. अंगण भरून माणसं त्याच्या अंगावर पडली. आई माईक हातात धरूनच खाली बसली. वार्ताहर हातवारे करून काहीतरी सांगत होता आणि आम्हाला एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

"शेठ, आवाज! आवाज दो!" सगळी गर्दी ओरडली. मी रिमोट उचलला.

"थांबा," पंच म्हणाले. ते स्टुलावरून उठले होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू होतं. "दोन मिनिटं झाली न्हाईत."

"अहो, तुमचा पोऱ्या आहे तो!"

"म्हणून तर."

आम्ही सगळे उभे राहिलो. लूमवरचे कारीगर, रिक्षावाले, मी आणि रंगीत शर्टातले ते. पूर्ण्याचं ते अंगण आवाजाशिवाय नाचत होतं. बापाने पोराच्या डोक्यावर हात ठेवला तेही आम्ही तसंच पाहिलं. मग पंचांनी बोटाने खूण केली आणि मी आवाज सोडला. अख्खं गाव दुकानात शिरलं.

गर्दी पांगल्यावर ते भिंतीजवळ गेले आणि एका टीव्हीवर हात ठेवला. "आता मी गिऱ्हाईक हाय. घरी एक हाय, त्याच्याशेजारी दुसरा पायजे. बोला भाव."

या क्षणाची मी किती वर्षं वाट पाहिली होती! भाव केला, अगदी मनासारखा. पण या माणसाशी भांडणंही सोपं नाही. तो माझीही बाजू मांडायचा. "तुमचं भाडं हाय, लाईट हाय, बरोबर. पण भिंतीवरचं ब्रॅकेट तुमी फुकट द्यायचं, हेही बरोबर." मी ओरडलो, रिमोट आपटला, त्यांना दारापर्यंत जाऊ दिलं, परत बोलावलं. शेवटी भाव माझा राहिला, ब्रॅकेट त्यांचं. त्यांनी दोन्ही हात वर केले. "बरोबरी."

निघताना मी शिट्टी आणि कार्डं त्यांच्या हातात दिली. शिट्टी त्यांनी घेतली, कार्डं परत ठेवली.

"ठेवा तुमच्याकडे. तुमचा चहा प्यालो, तुमचा माल घेतला. आता इथं मी निकाल दिला तर कोण मानल?"

"अहो, टीव्हीतल्या लोकांना काय कळतंय?"

"त्यांना न्हाय. मना कळतंय."

मी हसण्यावारी नेलं. पण पंच पुढच्या लिलावाला आले नाहीत. इतकी वर्षं ज्या एका गिऱ्हाइकावर मी डोळा ठेवला, ते मिळालं आणि माझ्या दुकानातला पंच गेला. हा सौदा नक्की कुणी जिंकला, ते मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि त्याचा रागही अजून गेलेला नाही.

यंदा मी तिन्ही टीव्ही लावले. माणसंही जमली. मी कार्ड उगारलं तर एक कारीगर म्हणाला, "सेठ, आपसे नहीं होगा." संध्याकाळी फोन वाजला.

"शेठ, माझ्या दोन टीव्हींवर मुख्य आणि मराठी हाय. तिसऱ्यावर काय चाललंय?"

"भांडण."

"पिवळं द्या."

मी दिलं. तेवढ्यात पुतण्याचं नाव पुकारलं गेलं. करार संपल्याने तो पुन्हा यादीत होता. फोन चालूच राहिला. माझ्या छोट्या टीव्हीवर एक हात वर झाला, दुसरा झाला, तिसरा झाला आणि हातोडा पडला. पंचांच्या घरी डिश आहे, तिथे तो अजून पडायचा होता.

"शेठ?" पलीकडून आवाज आला. "गप का?"

मी मागच्या भिंतीकडे तोंड केलं आणि फोन कानाशी धरून थांबलो. मग त्यांची शिट्टी वाजली.