जावयाची रेघ

लग्नाला एकतीस वर्षं झाली, आणि एकतीस वर्षं मी फरशीवरची पांढरी पावलं पुसतेय. दारात पायपुसणं आहे, बाहेर नळ आहे, तरी आमचे हे कामावरून आले की सरळ स्वयंपाकघरापर्यंत ठसे उमटवत जातात. बोललं की म्हणणार, "अगं, फक्कीच आहे, विष नाही." फक्की म्हणजे ती पांढरी भुकटी. इमारत बांधायच्या आधी मोकळ्या जमिनीवर जी पांढरी रेघ मारतात ना, ती हिची. आणि ती रेघ मारणारा माणूस म्हणजे माझा नवरा. गावात त्यांचं नाव कोणाला ठाऊक नाही. फक्कीवाले कुठे राहतात विचारा, शेंबडं पोरही घर दाखवेल.

काम सांगायला सोपं आहे. कागदावरची इमारत जमिनीवर उतरवायची. खुंट्या, दोरी, टेप, काटकोन बघायला गुण्या आणि फक्कीचा डबा, एवढीच हत्यारं. पाया खणणारे त्या रेघेवर खणतात. रेघ वीतभर चुकली की भिंत वीतभर चुकली, आणि भिंत काही दोरीसारखी गुंडाळून पुन्हा लावता येत नाही. आमच्याकडचं हॉस्पिटल, शाळेची नवी इमारत, बसस्टँड, सगळ्यांची पहिली रेघ यांच्या हातची. उद्घाटनाच्या पाटीवर फीत कापणाऱ्याचंसुद्धा नाव असतं, यांचं नसतं. भिंत उभी राहिली की रेघ संपली. मला याचा राग येतो. त्यांना येत नाही, म्हणून मला आणखी राग येतो.

पण एका रेघेचा विषय निघाला की ते गप्प होतात.

माझं माहेर तलावाकाठच्या वस्तीत. तिथल्या बारा घरच्या बायका सकाळी जाळी ओढतात, मासे टोपलीत भरतात, वस्तीवर आणून निवडतात आणि बाजारात नेतात. माझी आई त्यातली सगळ्यात थोरली. वडील गेल्यावर याच टोपलीवर तिने आम्हा तिघी बहिणींना वाढवलं. लग्नानंतर दहा वर्षांनी तलावाच्या वरच्या अंगाला एक हॉटेल व्हायचं ठरलं. यांना आखणीला एक दिवस दिला होता. यांनी नकाशा बघितला, दोरी बांधली, फक्की मारली आणि संध्याकाळी घरी आले. कुंपणाची भिंत बरोबर रेघेवर उठली, एक बोटही इकडेतिकडे नाही.

काही महिन्यांनी आम्ही माहेरी जेवायला गेलो, तर दुपार टळली तरी आईचा पत्ता नाही. आली तेव्हा टोपलीच्या पाण्याने पाठ भिजलेली. यांनी विचारलं, "आई, आज उशीर झाला?" ती म्हणाली, "रोजच होतो. आता लांबून यावं लागतं ना." एवढंच म्हणाली आणि ताटं घ्यायला आत गेली. भिंतीने पाण्याची वाट कापली होती. जायला चाळीस मिनिटं जास्त आणि यायला चाळीस, तीही डोक्यावर ओझं घेऊन. ती रेघ कोणाची, हे आईला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. जावयाला बोल लावायचा नाही म्हणून तिने माझ्याजवळसुद्धा अवाक्षर काढलं नाही. त्या दिवशी हे अर्धं ताट टाकून उठले.

तेव्हापासून यांनी एक पद्धत धरली, आणि तिच्यापायी निम्म्या कॉन्ट्रॅक्टरांशी वाकडं घेतलं. मोकळ्या जागेवर आखणी असेल तर रेघ मारून ठेवायची आणि पंधरा दिवस खणू द्यायचं नाही. रोज सकाळी जाऊन बघायचं, रेघ कुठे तुटली. जिथे तुटली तिथून कोणीतरी जातं. तिथे लाल चिंधीची खुंटी ठोकायची, रेघ पुन्हा भरायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचं. मी म्हटलं, "त्यापेक्षा लोकांना विचारत का नाही?" तर म्हणाले, "विचारलं की लोक आपल्याला बरं वाटेल ते सांगतात. तुझ्या आईने सांगितलं होतं का? पाय खोटं बोलत नाहीत." मला ते पटलं होतं. आम्ही दोघंही किती शहाणे, ते पुढे कळलं.

चार वर्षांपूर्वी तलावाच्या खालच्या अंगाला रिसॉर्टची जागा घेतली गेली. वरची वाट बंद झाल्यापासून बायका खालच्याच काठावर उतरायच्या. तिसरा काठ नव्हता, पलीकडे नुसता कडा. म्हणजे इथलीही वाट गेली असती तर बारा टोपल्या कायमच्या भिंतीला टांगायच्या, एवढा सरळ हिशेब. पण आम्हाला वाटत होतं, बायका कडेच्या गाडीरस्त्याने जातात. तो रस्ता नकाशात होता, त्याला कोणी हात लावणार नव्हतं. मधून एक पायवाट आहे आणि तिने निम्मा वेळ वाचतो, हे आईने कधी सांगितलंच नाही. मशीनने सगळं गवत सपाट केलं, तेव्हा पायवाटेची खूणही गेली.

या रिसॉर्टचा मालक बोलायला बरा होता. निसर्ग सांभाळून करायचं, गावाला धरून करायचं, असं पहिल्याच भेटीत तीनदा म्हणाला. यांनी घरी येऊन सांगितलं, "बोलतोय तरी. बघू." आर्किटेक्टबाई तरुण होत्या, पण कान उघडे ठेवून होत्या. पंधरा दिवसांचं ऐकल्यावर कॉन्ट्रॅक्टरने कपाळाला हात लावला. बाईंनी मात्र वही काढली.

रेघ लागली. चौथ्या दिवशी खालच्या कोपऱ्यात तुटली, तिथून शेळ्या जात होत्या. आठवड्याने एक सर येऊन गेली, तर सांडपाण्याच्या टाकीची जागा आखली होती तिथली रेघ पार धुऊन निघाली. वरचं सगळं पाणी तिथूनच तलावात उतरत होतं. बाईंनी टाकी उचलून उतारापासून लांब नेली. हे खूश. तलावाच्या तोंडाशी मोठं जेवणघर आखलं होतं, त्याच्या चारी रेघा मात्र जशाच्या तशा. "या खेपेला कोणाच्या वाटेत आलो नाही गं," असं रात्री जेवताना म्हणाले, आणि त्या दिवशी भात दोनदा घेतला.

चौदाव्या दिवशी मी माहेरी गेले होते. आईचे गुडघे दुखतात म्हणून पहाटे तिची रिकामी टोपली मी घेतली आणि दोघी पाण्याकडे निघालो. गाडीरस्ता सोडून ती सरळ सपाट केलेल्या जागेत शिरली. मी म्हटलं, "इकडून कुठे?" ती म्हणाली, "इकडूनच. रोजचीच वाट." मी पुढे पाऊल टाकणार, तेवढ्यात तिने माझा दंड धरला.

"जपून. पाय उचल. रेघ आहे."

मी खाली बघितलं. माझ्या अंगठ्यापुढे जेवणघराची पांढरी रेघ. आईने लुगडं गुडघ्यापर्यंत धरलं, दुखरा पाय हाताने आधार देऊन उचलला आणि रेघेपलीकडे ठेवला. मग दुसरा. मागून बाकीच्या बायका येत होत्या. एकेक जण तिथे आली की टोपली सावरायची आणि ढांग टाकून पलीकडे. एकीनेही रेघेला बोट लावलं नाही.

"आई, हे किती दिवस चाललंय?"

"पहिल्या दिवसापासून. मी सगळ्यांना बजावलंय, जावयाने उन्हात बसून मारलेली रेघ आहे, पुसलीत तर माझ्याशी गाठ आहे."

मला हसावं की रडावं कळेना. मी तिथेच तिच्यावर ओरडले. म्हटलं, "अगं, तुझ्या या मानापायी तुझीच वाट जाणार आहे. रेघ तुटली नाही म्हणून त्यांना वाटतंय इथून चिटपाखरू जात नाही. उद्या सकाळी आखणीवर सही होणार, परवा खणायला घेणार." आई म्हणाली, "पण त्यांचं काम कसं पुसायचं गं?"

मी टोपली तिच्या हातात दिली आणि तडक यांना गाठलं. ऐकल्यावर हे फक्कीच्या पोत्यावर मटकन बसले. म्हणाले, "एकदा मी त्यांना विचारलं नाही. आता त्या मला सांभाळून घेत बसल्या." डोळे भरले होते. मी पदर पुढे केला नाही, म्हटलं, "उठा. उद्या सकाळपर्यंत वेळ आहे."

सकाळी मालक, आर्किटेक्टबाई आणि कॉन्ट्रॅक्टर जागेवर आले. मीही गेले, मला कोणी बोलावलं नव्हतं. यांनी सांगितलं, जेवणघर वाटेवर येतंय. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "रेघ तर अखंड आहे. तुमचीच पद्धत ना ही?" मालक म्हणाला, "वाट असेल तर बाजूने वळवून देऊ की."

माझा नवरा मोठ्याने बोलणारा माणूस नाही. त्या दिवशी बोलला. "साहेब, वरच्या हॉटेलची भिंत माझ्याच रेघेवर उभी आहे. ती वाट मीच वळवली. दोन्ही मिळून ऐंशी मिनिटं, रोजची, इतकी वर्षं. माझ्या सासूचे गुडघे त्यात गेले. तुम्हाला इथेच जेवणघर हवं असेल तर दुसरा माणूस बघा. ही रेघ मी खणू देणार नाही." कॉन्ट्रॅक्टरसमोर स्वतःची चूक अशी उघडी केली की पुढची कामं गेली समजा. ते यांना माहीत होतं. मला तर माहीत होतंच. तरी त्या क्षणी मला या माणसाचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा आयुष्यात कधी वाटला नव्हता.

तेवढ्यात बायका पाण्यावरून वर आल्या. पुढे आई. एवढी माणसं बघून ती थबकली, आणि सवयीने लुगडं धरून पाय उचलायला लागली. हे पुढे झाले.

"आई, उचलू नका. पाय द्या तिच्यावर."

"तुमचं काम आहे ते, जावईबापू."

"पुसलीत तरच माझं काम होईल."

आईने माझ्याकडे बघितलं. मग भरल्या टोपलीखाली मान ताठ ठेवून तिने तळवा बरोबर रेघेवर ठेवला आणि जरा घासला. मागच्या अकरा जणी वाटच बघत होत्या. चौदा दिवस ढांगा टाकून कावलेल्या, त्यांनी अशी तुडवली की हातभर रेघ उरली नाही. पांढरी पावलं सपाट जमिनीवरून सरळ वस्तीकडे गेली. आर्किटेक्टबाई वही उघडून त्या पावलांमागून चालत गेल्या, थेट आईच्या उंबऱ्यापर्यंत.

मालकही पावलांकडे बघत मागोमाग तिथवर आला. त्याने बाईंना विचारलं, किती खोल्या कमी होतील. त्या म्हणाल्या, जेवणघर वर सरकवलं तर आठ. मग तो आईने खाली उतरवलेल्या टोपलीत वाकून म्हणाला, "हे मासे आमच्या किचनला मिळतील का?"

"ताजे हवे असतील तर वाट जवळची लागेल," आई म्हणाली.

आठ खोल्या गेल्या. त्या दिवशी तो हसला, पण नकाशा बदलायला तीन आठवडे लावले आणि कुरकुरही पुष्कळ केली. तरी बदलला. यांची कामंही गेली नाहीत. उलट आर्किटेक्टबाई आता कुठलंही काम घेतलं की आधी यांना बोलावतात, आणि पंधरा दिवस त्याच मागून घेतात. फक्त हे आता रेघेवर विसंबून राहत नाहीत. पहिल्या दिवशी वस्तीत जाऊन सांगतात, "रेघ पुसायलाच मारली आहे, खुशाल तुडवा."

रिसॉर्ट उघडून दोन वर्षं झाली. जेवणघर आणि खोल्यांच्या मधून दगडी फरशीची वाट काढली आहे, पाण्यापासून वस्तीपर्यंत, फाटक नाही, कुलूप नाही. पाहुणे तिच्यावरून फिरायला जातात आणि टोपल्या आल्या की बाजूला होतात. पाटीवर यांचं नाव इथेही नाही. मी भांडायला निघाले होते, यांनी अडवलं.

परवा आम्ही दोघं तिथे गेलो होतो. आई पाण्यावरून येत होती. आता टोपली लहान घेते, पण येते. जेवणघर जिथे होणार होतं तिथे आता नुसती फरशी आहे, सारखी, स्वच्छ, रेघबिघ काही नाही. आई त्या जागी आली, थांबली, लुगडं धरलं आणि दुखरा पाय उचलून पलीकडे ठेवला.

"आई, रेघ कधीच पुसली," मी ओरडून सांगितलं.

"मला दिसते," ती म्हणाली.

हे पुढे गेले आणि त्यांनी तिच्या हातातली टोपली घेतली.