जन्मभर न ओलांडायचा समुद्र

निपाणीच्या मुलींच्या शाळेतली कांता मास्तरीण विलायतेला जाणार, ही बातमी तंबाखूच्या बाजारात पोचायला एक सकाळ पुरली. बेळगावच्या शिक्षणखात्याच्या कचेरीतून तसं पत्रच आलं होतं. इलाख्यातल्या चार मास्तरणींना वर्षभर तिकडं ठेवून लहान पोरांना कसं शिकवावं ते शिकवायचं, खर्च सगळा सरकारचा, आणि परत आल्यावर त्यांनी इकडच्या मास्तरणी तयार करायच्या, अशी योजना होती. साल एकोणीसशे सदतीस. कांताला शाळेत घातलं तेव्हा ज्यांनी तिच्या भावाला वाळीत टाकायची भाषा केली होती, तेच आता 'आमची कांता' म्हणू लागले. उगवत्या सूर्याला नमस्कार करायला निपाणीकर कधी मागं राहिलेत?

कांता एकोणतीस वर्षांची होती. नवव्या वर्षी लग्न झालं, दहाव्या वर्षी मानमोडीच्या तापाच्या साथीत नवरा गेला. त्याचा चेहराही तिला धड आठवत नव्हता. थोरला भाऊ बाबगोंडा तंबाखू पिकवणारा शेतकरी, स्वतः चार बुकं शिकलेला, पण त्यानं हट्टाला पेटून बहिणीला शिकवलं. आता ती बिगरीचा, म्हणजे अगदी लहान पोरांचा, वर्ग सांभाळायची. छडीशिवाय पोर शिकत नाही असं शाळेतल्या सगळ्यांचं ठाम मत, आणि कांताला ते मुळीच पटत नव्हतं. पण छडी टाकली तर पोरांना धरून कसं ठेवायचं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ते आता शिकायला मिळणार म्हणून ती हरखून गेली होती. जन्मात तिला कशाचीच इतकी आस लागली नव्हती.

तयारीला घर कमी पडू लागलं. बेळगावच्या खडेबाजारातून लोकरीचं कापड आणून कोट शिवला. जैनांच्या घरात चामडं चालायचं नाही म्हणून कॅनव्हासचे बूट घेतले. ते घालून ती परसात फेऱ्या मारायची आणि भावजय तोंडाला पदर लावून हसायची. पासपोर्टच्या फोटोसाठी फोटोवाल्यानं डोक्यावरचा पदर जरा मागं घ्यायला सांगितला, तेव्हा तिला घाम फुटला. आई तारामतीनं भाजण्या, मेतकूट, पापड यांचे डबे भरायला घेतले ते थांबेचना. एवढ्यात विलायतेतलं अर्धं गाव जेवेल, असं बाबगोंडा म्हणाला, तरी तिनं आणखी एक डबा भरला.

निघायला महिना उरला तेव्हा आई तिला बस्तीत, म्हणजे त्यांच्या जैन मंदिरात, घेऊन गेली. लांबच्या प्रवासाला निघताना परत येईपर्यंत एखादा नियम घ्यायचा, ही त्यांच्यातली रीत. पूजा करणारे उपाध्ये म्हातारे झाले होते, पण शिस्तीला पक्के. नियम देण्याआधी त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. "आधीचं कुठलं व्रत हाय का, बाळ? एकाला दुसरं आडवं यायला नको."

कांतानं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिला एकदम सगळं आठवलं.

वीस सालच्या चातुर्मासात गावात एक मुनिमहाराज उतरले होते. त्यांच्यापुढं सगळं गाव ओळीनं व्रतं घेत होतं. कुणी तूप सोडलं, कुणी गूळ. एका पेढीवाल्यानं कारलं सोडलं, जे त्यानं जन्मात कधी तोंडात घातलं नव्हतं. तारामतीनं खोटं न बोलण्याचं व्रत घेतलं आणि ते असं पाळलं की बाजारात शेंगा विकताना त्या गेल्या सालच्या आहेत हे ती आपणहून सांगायची. मग बारा वर्षांची कांता पुढं गेली. तिनं काय सोडावं? बांगड्या, फुलं, रंगीत लुगडं, लग्नकार्यात पुढं बसणं, सगळं आधीच काढून घेतलेलं. तू काय देतेस, असं महाराजांनी विचारलं आणि पोर विचार करत उभी राहिली. लोक चुळबुळ करू लागले. शेवटी ती म्हणाली, "मी समुद्र वलांडणार न्हाय."

लोक हसले. महाराज हसले नाहीत. "जन्मभर?" त्यांनी विचारलं. जन्मभर, म्हणून तिनं मान हलवली आणि त्यांनी मोरपिसांची पिंछी उचलून आशीर्वाद दिला. निपाणीच्या पोरीनं समुद्र पाहिला होता कुठं? पुढं सतरा वर्षांत ते व्रत आठवायचं कारणच पडलं नाही.

"न्हाय, काही न्हाय," असं उपाध्यांना सांगून कांता घरी आली.

त्या दिवसापासून तिनं ते कॅनव्हासचे बूट पायात घातले नाहीत. आठवड्यानं, दिवस मावळायच्या आधी सगळे जेवायला बसले असताना, तिनं सगळं सांगून टाकलं. बाबगोंडानं आधी हसण्यावारी नेलं. नेणत्या वयातलं व्रत ते! महाराज तर कधीच समाधिस्थ झाले, पण उपाध्ये प्रायश्चित्त देतील, दोन उपवास केले की वाट मोकळी. तो काही चुकीचं बोलत नव्हता. उपाध्यांनीही तेच सांगितलं. अशी सोय शास्त्रात आहे म्हणाले.

तरी कांतानं उपवास धरले नाहीत. दुसऱ्या दिवशी ती परसात एकटी बसली असताना आई येऊन शेजारी टेकली.

"त्ये व्रत तुझं न्हवंच," आई म्हणाली. "समुद्र म्हण, म्हून मीच तुझ्या कानात सांगितलं हुतं. शब्द माझा, पाप बी माझं. तू जा."

कांता बघतच राहिली. त्या दिवशी आई बायकांच्या पार मागच्या रांगेत होती आणि महाराजांपुढं कांता एकटी उभी होती. सतरा वर्षं जिच्या तोंडून खोटा शब्द आला नाही, ती बाई पहिलं खोटं बोलली, तेही इतकं कच्चं. सवयच नव्हती तिला. कांताला रडू आवरेना.

"आई, माझं म्हून जे जे हुतं ते सगळं तुम्ही काढून घेतलं," ती म्हणाली. "मला कुणी इचारलं न्हाय. तू काय देतीस, म्हून त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी इचारलं. त्ये मी दिलं. आता त्ये बी मोडलं तर माझं म्हणायला काय राहतंय?"

आईनं पदरानं तिचे डोळे पुसले. मग हळू म्हणाली, "आणि हे जाणं? त्ये तुझं न्हवं व्हय?"

कांता उठून घरात गेली. 

चार दिवसांनी तिनं कचेरीला नकाराचं पत्र धाडलं. कारण काय लिहावं ते कळेना म्हणून 'घरगुती अडचण' असं लिहिलं. तिच्या जागी दुसरी मास्तरीण निवडली गेली. बाबगोंडा महिनाभर तिच्याशी बोलला नाही; बाजारात लोकांना तोंड त्यालाच द्यावं लागत होतं. आणि लोकांनी काय, मास्तरीण बोटीला भ्याली असं ठरवून टाकलं.

मायलेकी दोघी उपाध्यांकडं गेल्या. आईनं आपलं खोटं सांगितलं, कांतानं आपलं. दोघींना एकेक उपवास मिळाला. तो कुठल्या दिवशी करायचा ते त्यांनी एकमेकींना विचारलंसुद्धा नाही. बोट मुंबईहून शनिवारी सुटायची होती, त्याच दिवशी दोघींनी केला.

शनिवारची सकाळची शाळा आटोपून कांता घरी आली. आई उंबऱ्याशी बसली होती, ती तिच्या शेजारी बसली. आईनं विचारलं, "आता कुठवर गेली असंल गं?"

"अजून सुटली न्हाय," कांता म्हणाली. "चारला सुटती."

चार वाजेपर्यंत दोघी तिथंच बसून राहिल्या.