खालची ओळ

आमच्या ऍज-इफ सारांना लोण्यासारखी वांगी चालत नसत. राजवाड्यामागच्या बाजारात भाजीवाली तिच्या तमिळमध्ये तसं म्हणाली, की ते पिशवी खाली ठेवत आणि शांतपणे विचारत, "पण वांगीच आहेत ना?"

"वांगीच, सामी."

"मग दे."

शाळेत ते वरच्या वर्गांना इंग्रजी शिकवत. मी नुकताच नोकरीला लागलो होतो आणि खालचे वर्ग सांभाळत होतो. आमची घरंही एकाच गल्लीत होती. त्यांचं खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं. मुलांनी ठेवलेलं नाव त्यांना ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना वाईट वाटत नसे, कारण मुलांच्या निबंधातल्या त्या दोन शब्दांशीच त्यांचं आयुष्यभराचं भांडण होतं. 'जणू काही' म्हणायला मुलं 'ऍज इफ' सढळ हाताने वापरत, आणि मग घडलं काय ते वाचणाऱ्याला कळत नसे. 'तो लंगडा असल्यासारखा चालत होता' असं कोणी लिहिलं, की सार विचारत, "लंगडा होता की नव्हता? वाचणारा कुंभकोणमला बसलाय. त्याला पाय दिसत नाहीत."

त्यावर त्यांनी एक रीत काढली होती. जिथे 'ऍज इफ' येईल, तिथे त्याच्या खाली आणखी एक ओळ लिहायची: खरं काय होतं. निबंध पुन्हा नीट उतरवताना ती गाळली तरी चाले, पण कच्च्या वहीत ती हवीच. "खालची ओळ ठाऊक असली, की वरची आपोआप स्वच्छ येते," ते म्हणत. "ठाऊक नसेल तर वरची लिहू नका."

एका पोराने लिहिलं होतं, 'माझा मामा दहा दिवस उपाशी असल्यासारखा जेवला.' खाली लिहिलं होतं, 'त्याने त्याआधी कॉफी-क्लबात सहा इडल्या खाल्ल्या होत्या.' सारांनी विचारलं, "तू पाहिलंस?"

"मी पण चार खाल्ल्या सार."

त्या दिवशी मी त्यांना हसताना पाहिलं. ते हसत तेव्हा आवाज येत नसे, फक्त उपरणं हलत असे.

माझे वडील गेले तेव्हा मद्रासच्या नातलगांना मी इंग्रजीत पत्र लिहिलं आणि ते सारांना दाखवलं. 'ते झोपल्यासारखे दिसत होते' असं त्यात होतं. सारांनी कागद वाचून खाली ठेवला. मग म्हणाले, "झोपले नव्हते, अप्पा. आधी ते लिही. मग हे हवं असलं तर ठेव." मी आधी ते लिहिलं. मग दुसरं ठेवावंसं वाटलं नाही.

एवढा काटेकोर माणूस घरात मात्र वेगळा होता. त्यांचा एकुलता मुलगा गोपाळ लग्न होताच रंगूनला कारकून म्हणून गेला. युद्धात तिथून लोक डोंगर तुडवत परतले, त्यांच्यात तो नव्हता. निघाल्याचं पत्र आलं, तेच शेवटचं. सारांची बायको त्या दुःखात गेली. घरात उरले सार आणि त्यांची सून. तिला सगळी गल्ली वैनी म्हणे. सार गोपाळविषयी कधीही भूतकाळात बोलत नसत. "गोपाळला नार्त्याचं लोणचं आवडतं," ते म्हणत, आणि वैनी दर वर्षी त्या जाड सालीच्या कडवट लिंबांचं लोणचं घालत असे.

वैनीला तिरुचीला जाऊन मास्तरणीचं ट्रेनिंग घ्यायचं होतं. त्यासाठी ती घरी बसून मॅट्रिकला तयार होत होती. संध्याकाळी ओटीवर सार तिला इंग्रजी शिकवत, मी गणित. पण तिरुचीचं नाव निघालं, की सार एकच उत्तर देत: "तो आला आणि तू घरात नसलीस, तर?"

एका संध्याकाळी त्यांनी तिला नेहमीचा अभ्यास दिला. तिने एक वाक्य लिहून वही पुढे केली. सारांनी वाचलं आणि वही मला न दाखवता मांडीवर ठेवली.

"खालची ओळ?" त्यांनी विचारलं.

"ती कोणालाच ठाऊक नाही, मामंजी."

मग तिने ते वाक्य स्वतःच मराठीत सांगितलं. मी विधवा असल्यासारखे लोक माझ्याकडे बघतात. हळदीकुंकवाचं बोलावणं करायला बायका दारापर्यंत येतात आणि थबकतात, ती म्हणाली. बोलवावं तरी पंचाईत, न बोलवावं तरी. "बारा वर्षं झाली. शास्त्रात त्याला विधी आहे म्हणतात. करून टाका. मला रडायचं तरी कसाला ते कळू दे."

सार उठून आत गेले. त्या रात्री ते जेवले नाहीत, असं वैनीने मला नंतर सांगितलं. पंधरवड्याने त्यांनी वाध्यारांना, म्हणजे आमच्या भटजींना, बोलावणं पाठवलं.

ज्याचा देह सापडत नाही, त्याच्यासाठी पळसाच्या देठांचा माणूस करतात. वेण्णार नदीच्या काठी मी तो होताना पाहिला. देठ दर्भाने बांधून हातपाय केले, डोक्याच्या जागी नारळ ठेवला आणि वर पांढरं वस्त्र घातलं. वारा नव्हता, तरी ते वस्त्र छातीपाशी किंचित हललं, असं मला दिसलं. आजही त्याची खालची ओळ मला लिहिता येत नाही.

वाध्यार म्हणाले, "हे आपले गोपाळराव, असं समजून अग्नी द्या."

सारांनी हातातला अग्नी तसाच धरून विचारलं, "समजून म्हणजे? आहे की नाही?"

वाध्यार म्हातारे होते, रागावले नाहीत. "तुम्ही अग्नी द्याल तेव्हा आहे. त्याआधी पळस आहे."

सारांनी अग्नी दिला. पळस ओलसर होता; जळायला बराच वेळ लागला. परतताना नदीचा उतार चढता चढता त्यांनी वाध्यारांना विचारलं, "आणि तो आला, तर?"

"आला तर त्याला तुपाच्या कुंडात बुडवून काढायचं. नव्याने जन्मला असं धरून जातकर्म करायचं, मुंज करायची आणि त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं. तेही शास्त्रच आहे."

सार थांबले. त्यांनी वाध्यारांना दोन्ही हातांनी नमस्कार केला. तो नमस्कार मला तेव्हा उमगला नाही.

वैनीचं कुंकू गेलं. बायका आता दारात थबकत नव्हत्या, येतच नव्हत्या. ती मॅट्रिक झाली. पण तिरुचीला ती गेली नाही. दर शुक्रवारी सारांच्या घरातून लोणी कढवल्याचा वास गल्लीभर येऊ लागला. माजघरात एक मोठं पितळी सट आलं होतं, सारांच्या कमरेपर्यंत उंच. त्यात तूप साठत होतं. जुनं झालं की वैनी ते काढून देवळात दिव्यांना देई आणि पुन्हा नवं भरू लागे. सारांच्या पगाराचं आणखी काय होत असेल, हा प्रश्न मी विचारला नाही. त्यांनी वर्गात 'ऍज इफ' शिकवणं मात्र सोडलं. "तो धडा तू घे," एवढंच मला म्हणाले.

एकदा मी वैनीला म्हटलं, "तुम्ही जा आता. त्यांचं मी बघेन."

ती चुलीपाशी लोणी ढवळत होती. "कशी जाऊ? ते रोज दिवेलागणीला येऊन किती भरलं ते बघतात."

"तुम्हाला वाटतं का, तो येईल?"

"नाही," ती म्हणाली. "मी रडून घेतलं. ते कुठे रडलेत?"

अशी सात वर्षं गेली. मग एका कार्तिकात सारांना ताप आला आणि तो उतरला नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी मला जवळ बोलावून विचारलं, "अप्पा, दारात कोण की उभा आहे?" मी वळून पाहिलं. दारात कोणी नव्हतं. आयुष्यभर त्यांनी मला जे शिकवलं होतं ते सगळं जिभेवर आलं, आणि मी म्हणालो, "आहे, सार." त्यांनी डोळे मिटले.

अग्नी त्यांच्या पुतण्याने दिला. तेराव्याला आम्ही शाळेतले सहाजण पानावर बसलो. वैनी स्वतः तूप घेऊन आली, वाटीने नाही, तांब्याने. प्रत्येकाच्या भातावर ओतत ती माझ्यापर्यंत पोचली.

"वैनी, एवढं?"

"खा, अप्पा. सोमवारी मी तिरुचीला निघते. सट घासून ठेवायचं आहे."

तिने तांब्या तिरका केला. तूप भातावरून पानावर, पानावरून जमिनीवर उतरू लागलं. मी हात आडवा केला नाही.