माजघरातल्या कंप्युटरवर चौदा संकेतस्थळं

आचऱ्याच्या किशोरी मुणगेकरने एकोणीस वर्षं एका शाळेच्या ऑफिसात काढली. दाखले, हजेऱ्या, निकाल, सगळं तिच्या हाताखालून जायचं. पुढे पोरं कमी झाली, दोन शाळांची एक झाली आणि किशोरीची जागा गेली. निरोप समारंभात शाल-श्रीफळ मिळालं. मोडीत काढलेला ऑफिसातला जुना कंप्युटरही तिने मागून घेतला. नवरा दत्ताराम काजूगर विकायचा. त्याला वाटलं, बायको आठवण म्हणून घरी आणतेय.

घरी बसून किशोरी संकेतस्थळं बनवायला शिकली. पहिलं दत्तारामच्या काजूगरांचं केलं. मग तारकर्लीच्या तुळसावहिनींच्या न्याहरी-निवासाचं, मग गावच्या वाचनालयाचं, असं करत सहा झाली. ती ठेवलेली होती मुंबईच्या एका छोट्या एजन्सीकडे. गणपती झाले आणि एक दिवस सहाही उघडेनात. एजन्सी बंद झाली होती, फोन कुणी उचलत नव्हतं. पर्यटकांचा हंगाम दीड महिन्यावर आला होता.

पानांच्या प्रती किशोरीकडे होत्या, संकेतस्थळांची नावंही ज्याच्या-त्याच्या मालकीची होती. प्रश्न होता ठेवायचं कुठे. दुसरी कंपनी शोधता आली असती, पण आपलं काम पुन्हा कुणाच्या तरी भरवशावर सोडायचं तिच्या मनाला पटेना. आधी तिची समजूत होती की सहा संकेतस्थळांना सहा कंप्युटर लागत असतील. वाचत गेली तेव्हा कळलं की एकच पुरतो. माणूस मोबाइलवर जे नाव टाकतो ते त्याच्या मागणीबरोबर सर्व्हरपर्यंत, म्हणजे पानं ठेवलेल्या कंप्युटरपर्यंत येतं. सर्व्हर ते नाव वाचतो आणि त्या नावाचा फोल्डर उघडून देतो. पत्ता एक, नावं कितीही. त्या दिवशी ती दुपारचं जेवायचीसुद्धा विसरली.

फक्त घरच्या इंटरनेटचा पत्ता सारखा बदलता कामा नये. त्यासाठी ती मालवणला इंटरनेटवाल्याच्या ऑफिसात गेली. तिथल्या माणसाने अर्ज वाचला, तिच्याकडे पाहिलं आणि समजावणीच्या सुरात म्हणाला, "मॅडम, घरात असलं काही चालत नसतं."

"चालतं की नाही ते मी बघीन," किशोरी म्हणाली. "तुम्ही न बदलणारा पत्ता तेवढा द्या."

आठ दिवसांनी तो मिळाला, आणि सहाही नावं तिने त्या पत्त्याकडे वळवली. कंप्युटर माजघरात, खाऱ्या वाऱ्यापासून लांब ठेवला. वीज गेली तर म्हणून इन्व्हर्टर जोडला. बाहेरून येणारी मागणी राऊटरमधून थेट कंप्युटरकडे वळवली. पहिल्या दिवशी काजूगरांचं पान उघडलं. मग बाकीच्या पाचांसाठी एकेक फाइल लिहिली: हे नाव आलं की हा फोल्डर. घरचं वायफाय बंद करून तिने मोबाइलच्या इंटरनेटवर सहाही नावं टाकून बघितली. सहाही जागच्या जागी. तिने सगळ्यांना फोन करून सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला तुळसावहिनींचा फोन आला. आवाज शांत होता, पण शब्द मोजून येत होते.

"गो किशोरी, माझ्या घराच्या जागी तुझ्या घोवाचे काजूगर दिसतत."

किशोरीने मोबाइलवर पाहिलं. तिला वहिनींचंच घर दिसत होतं. फोनवरून काही उलगडेना, तेव्हा तिने स्कूटर काढली आणि तारकर्ली गाठली. ओटीवर वहिनींनी मोबाइल पुढे केला. खरंच, काजूगर! सहा जणांना किशोरीने शब्द दिला होता.

"वयनी, तुमी नाव टाकलास ता खंयसून बघून?"

वहिनींनी चष्म्याच्या घरातून आपलं कार्ड काढून दिलं. किशोरीने नाव अक्षर न् अक्षर वाचलं. सुरुवातीला तीनदा डब्ल्यू आणि टिंब छापलेलं होतं. किशोरी स्वतः ते कधी टाकत नसे, आणि फाइलींतही तिने ते लिहिलेलं नव्हतं. सर्व्हरला तेवढ्या फरकाने नाव अनोळखी झालं होतं. अनोळखी नाव आलं की तो यादीतलं पहिलं संकेतस्थळ दाखवतो, आणि पहिले होते काजूगर.

परत आचऱ्याला जायची गरजच नव्हती. तिथेच ओटीवर मांडी घालून तिने आपल्या मोबाइलवरून घरच्या कंप्युटरात प्रवेश केला. प्रत्येक फाइलीत एक ओळ वाढवली: याला या दुसऱ्या नावानेही हाक मारतात. फाइलींत चूक नाही ना ते तपासून घेतलं आणि सर्व्हरला त्या नव्याने वाचायला लावल्या.

"आता टाका."

वहिनींनी एका बोटाने सावकाश नाव टाकलं. पानावर त्यांची माडांतली खोली आली, अंगणातला झोपाळा आला. त्या म्हणाल्या, "आता ह्या माझा घर."

किशोरीला न जेवता पाठवायचं नाही म्हणून त्यांनी बांगड्याचं तिखलं आणि भाकरी वाढली. ती जेवत असतानाच पुण्याहून एका कुटुंबाने दिवाळीच्या चार दिवसांची चौकशी केली. पान बघून फोन केला होता त्यांनी.

त्या आठवड्यात किशोरीने प्रत्येक नावाच्या दोन्ही रूपांसाठी नावाशेजारी दिसणारी सुरक्षिततेची कुलपाची खूणही मिळवली. दिवाळीत एकही संकेतस्थळ अडलं नाही. बातमी तोंडोतोंडी पसरली. विजयदुर्गच्या एका होडीवाल्याने आपलं संकेतस्थळ आणून दिलं, मग मसाले करणाऱ्या बायकांच्या गटाने. जानेवारीपर्यंत चौदा झाली.

फेब्रुवारीत मालवणला न्याहरी-निवासवाल्यांची सभा होती. किशोरीला बोलायला बोलावलं. ती फार बोललीच नाही. भिंतीवर पडदा होता, तिने समोरच्यांना आपल्याकडच्या संकेतस्थळांची नावं सांगायला लावली आणि ती एकेक टाकत गेली. एकामागून एक चौदा नावं आली, चौदाही संकेतस्थळं उघडली, ज्या नावाचं जे, तेच. मागच्या रांगेतल्या कुणीतरी विचारलं, हे सगळं मुंबईत ठेवलंय की बंगळूरला?

"आचऱ्याक," किशोरी म्हणाली. "माझ्या माजघरात."

तुळसावहिनी पहिल्या रांगेतून उठून टाळ्या वाजवू लागल्या, आणि बघता बघता सगळं सभागृह उभं राहिलं.